मलावीत खरी भीती डासाची, आणि मेसेज नेमका तिथेच खोटं बोलतो

ताईच्या मुलीने आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशाचं तिकीट काढलं आणि आठवड्याच्या आत ताईच्या मोबाइलवर 'आफ्रिकेत जाणाऱ्यांनी हे वाचाच' हा मेसेज येऊन पडला. इबोला, यादवी, किड्यांचा तलाव, परतल्यावर सहा दिवस कोंडून ठेवणं, शाकाहाऱ्यांची उपासमार. आणि शेवटी सल्ला: 'मलेरियाच्या गोळ्यांनी लिव्हर जातं. आपण भारतीय मलेरियातच वाढलोय, कडुनिंबाचा रस पुरे.' ताई आता तिकीट रद्द करायला सांगतेय. म्हणून एकदाच, मुद्द्याला मुद्दा.

शेवटचा मुद्दा आधी, कारण त्याने माणूस मरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रवाशांसाठीच्या देशवार यादीत मलावीपुढे स्वच्छ लिहिलंय: फाल्सिपेरम मलेरियाचा धोका, वर्षभर, संपूर्ण देशात. मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया तो हाच. उपचाराला उशीर झाला तर एकदोन दिवसांत माणूस हातचा जातो. 'आपल्याला सवय आहे' हे तर धादांत खोटं. मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती अर्धवट असते आणि पुन्हा पुन्हा लागण होत राहिली तरच टिकते. मलावीत जन्मलेला माणूस काही वर्षं परदेशात राहिला तर त्याचीही ती ओसरते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीकडे ती कुठून येणार? आणि कडुनिंबाच्या रसाने फाल्सिपेरम टळतो याला काडीचाही पुरावा नाही.

गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, पण घ्यायच्याच. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एकदोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज एक, आणि मलावी सोडल्यावर आणखी 7 दिवस. जेवणासोबत घ्यायची, पोटात थोडं तूप-तेल नसेल तर ती नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवावी लागते. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते; उन्हाने कातडीही लवकर भाजते. नेमकं चुकतं ते इथे: घरी आल्यावर 'आता कशाला' म्हणून गोळ्या बंद होतात. लिव्हर, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगायचं, म्हणजे डॉक्टर गोळी बदलून देतात. शिवाय हा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, म्हणून अंधार पडायच्या आत लांब बाह्या, उघड्या अंगाला डास पळवणारं डीईईटीचं मलम आणि झोपताना गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर 'मलावीला जाऊन आले' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी 12 ते 24 तासांनी पुन्हा.

तलावातले किडे, हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. मलावी सरोवरात बिल्हार्झिया, म्हणजे पाण्यातून होणारा कृमींचा आजार, आहे. केप मॅक्लिअरसारख्या लाडक्या किनाऱ्यांवरही. गोगलगायींतून बाहेर पडलेल्या अळ्या धडधाकट कातडीतून आत शिरतात. लव्हाळी असलेलं उथळ, संथ पाणी टाळायचं; त्याने धोका कमी होतो, संपत नाही. पोहलात तर दोनतीन महिन्यांनी तपासणी करून घ्यायची. उपाय प्राझिक्वांटेल ही गोळी. मात्र लगेच घेऊन उपयोग नाही, कारण ती कोवळ्या कृमींना मारत नाही.

कोंडून ठेवण्याचं म्हणाल तर तो नियम पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांतून लस न घेता येणाऱ्यांसाठी आहे, आणि मलावी त्या यादीत मोडतच नाही. पण विमान बहुतेकदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातं आणि इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश यादीत आहेत. विमानतळाबाहेर पाऊल न टाकलेल्यांना भारतात सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य केली तर. नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. त्यापेक्षा सरकारमान्य केंद्रात लस घ्यावी, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, कारण लसीचं कार्ड त्यानंतरच लागू होतं. एका कुपीत अनेक डोस असतात, म्हणून बरीच केंद्रं ठरावीक दिवशीच लस देतात. तारीख आधी घ्या. कार्ड आता जन्मभर चालतं.

इबोला? 2014 ते 2016ची ती मोठी साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये होती. तिथून मलावी पाच हजार किलोमीटरहून दूर. मुंबईपासून इस्तंबूल त्याहून जवळ. यादवी युद्ध? 1964च्या स्वातंत्र्यापासून मलावीत एकदाही झालेलं नाही. 2019च्या निवडणुकीत निकालपत्रांवर व्हाइटनर लावून आकडे बदललेले सापडले, तेव्हा न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि 2020मध्ये फेरमतदानाने सत्ता बदलली.

जेवण: न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत घेवडा किंवा पालेभाजी. फक्त भाजीत उसिपा, म्हणजे सुकी बारीक मासळी, घातली आहे का ते विचारून घ्यायचं.

जे सांगायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच: रस्ते. राजधानी लिलाँग्वेत पाकीट सांभाळावं लागतं, पण त्याहून मोठा धोका रात्रीच्या गाडीचा. महामार्गाला दिवे नाहीत, बिनदिव्याच्या सायकली, पायी माणसं, शेळ्या. सूर्य ऋतूनुसार साडेपाच ते साडेसहाच्या सुमाराला मावळतो. त्याआधी मुक्कामी पोहोचायचं. परकीय चलनाच्या टंचाईमुळे अलीकडच्या वर्षांत पेट्रोलही पुन्हा पुन्हा आटलं आहे, म्हणून टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. आणि डांबरावर तोडलेल्या फांद्या पसरलेल्या दिसल्या, की पुढे वळणावर बंद पडलेला ट्रक उभा आहे असं समजून तिथेच वेग कमी करायचा.