विस्कॉन्सिनमधली शिकार आणि यवतमाळची जागल

शेतात हरभरा वर आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रानडुकरांनी उकरलेल्या वावरांचे फोटो यायला लागतात. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, अमेरिकेत लाखो लोक उघड हरणांची शिकार करतात, तरी तिथं हरणं भरपूर आहेत, मग आपल्याकडेच बंदी कशाला? दुसरा म्हणतो, आपणच त्यांच्या रानात घुसलो, आता त्यांना गोळ्या घालायच्या म्हणजे पाप आहे. मी अमेरिकेत, तेही विस्कॉन्सिनमध्ये राहते, म्हणून दोन्ही बाजू मलाच साक्षीला बोलावतात. माझं उत्तर लांबलचक आहे आणि गटावर ते मावत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आधी इथलं सांगते. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीनं हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. साडेपाच लाखांच्या आसपास लोक त्याचा परवाना काढतात. ऑफिसं अर्धी रिकामी होतात, पेट्रोल पंपांवर झगझगीत नारिंगी जाकिटं दिसायला लागतात. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी त्या रंगाचे हवेत, असा नियमच आहे, म्हणजे झाडीतल्या माणसाला कोणी हरीण समजू नये. 2016 पासून झगझगीत गुलाबीही चालतो. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही सुरक्षिततेचं शिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकायला निघालेल्या नवशिक्यासारखे काही अपवाद सोडले तर. हरीण मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. सगळे हंगाम मिळून वर्षाला तीन लाखांच्या आसपास हरणं अशी नोंदली जातात, नर किती, माद्या किती, कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात), हे सगळं धरून.

यातले कितीतरी शिकारी स्वतःच्या मालकीचं एक गुंठाही रान नसलेले असतात. राज्याची राखीव वन्यजीव क्षेत्रं, काउंट्यांची जंगलं, उत्तरेतलं पंधरा लाख एकरांचं शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन, ही सगळी सार्वजनिक जमीन परवाना असलेल्या कुणालाही खुली आहे. माझ्या ऑफिसच्या इमारतीत सफाई करणारा माणूस आणि शहरातला मोठा वकील एकाच दलदलीच्या काठावर पहाटे बसलेले असू शकतात. आपल्याकडे शिकारीचा इतिहास याच्या नेमका उलटा आहे. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 साली ते गव्यांचं अभयारण्य झालं. भरतपूरला 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पक्षी पाडले गेले. आपल्या लोकांच्या मनातली शिकार अशी राजाची आणि साहेबाची आहे, आणि 'शिकार खुली करा' या मागणीला शहरात एवढी चीड येते तिचं मूळ मला तिथं दिसतं.

पण अमेरिका काही पहिल्यापासून शहाणी नव्हती, हे गटावरचे 'अमेरिकेत बघा' म्हणणारे विसरतात. एकोणिसाव्या शतकात इथं शिकार हा बाजार होता. हरणाचं मांस, बदकांच्या राशी, कबुतरांची पिंपं रेल्वेनं शिकागो-न्यूयॉर्कला जायची. 1900 च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात हरीण जवळजवळ दिसेनासं झालं होतं. आभाळ झाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे याच राज्यात उतरायचे. इथलं शेवटचं नोंदलेलं कबुतर 1899 साली बॅबकॉकजवळ मारलं गेलं आणि 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. त्या धक्क्यातून नियम आले, आणि त्यातला सगळ्यांत भक्कम नियम असा की रानात मारलेल्या हरणाचं किंवा बदकाचं मांस विकता येत नाही. खा, मित्रांना द्या, गरिबांच्या अन्नछत्राला दान करा (विस्कॉन्सिनमध्ये त्यासाठी सरकारी योजना आहे), पण त्यावर पैसा कमवायचा नाही. हॉटेलात 'व्हेनिसन' मिळतं ते पाळलेल्या हरणाचं. ही एक अट काढली तर बाकीची पोथी दोन-चार वर्षांत निकामी होईल, असं माझं ठाम मत आहे.

बदकांचे नियम तर हरणांपेक्षा काटेकोर आहेत, कारण बदक कुणा एका राज्याचं नसतं. माझ्या घरापासून तासाभरावर होरिकॉनची दलदल आहे, तेहतीस हजार एकरांची. शरद ऋतूत तिथं कॅनडा गूज हंसांचे थवेच्या थवे उतरतात. ही दलदल एकेकाळी चर खणून कोरडी करायला घेतली होती, शेती साधली नाही, मग 1927 च्या कायद्यानं ती पुन्हा पाण्याखाली आणायचं ठरलं. आज तिचा मोठा भाग केंद्राच्या ताब्यात आणि दक्षिणेकडचा भाग राज्याच्या ताब्यात आहे. शिकार कुठं चालेल, कुठं नाही, याच्या हद्दी पाट्या लावून दाखवलेल्या असतात. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. शिशाचे छरे 1991 पासून देशभर बंद, कारण पाण्याच्या तळाशी पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळायची आणि विषबाधेनं मरायची. दाणा टाकून पक्षी बोलवायचे नाहीत. दिवसाला सहा बदकं, त्यातही जातीजातीची वेगळी मर्यादा. आणि या मर्यादा कुणाच्या लहरीवर ठरत नाहीत. 1955 पासून दर वसंतात विमानं कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या विणीच्या प्रदेशावरून फिरून बदकं मोजतात, आणि त्या आकड्यांच्या आधारावर पुढच्या हंगामाचे नियम बसतात.

पैशाचाही हिशोब असाच सरळ आहे. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या बदक-शिकाऱ्याला दरवर्षी केंद्र सरकारचा एक स्टँप विकत घ्यावा लागतो. 1934 साली तो एक डॉलरला होता, आता पंचवीसला आहे, आणि त्यातले डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला किंवा भाड्यानं घ्यायला जातात. या पैशातून आजवर सुमारे साठ लाख एकर जमीन राखली गेली. मी शिकार करत नाही, करणारही नाही, पण तो स्टँप दरवर्षी घेते. जायकवाडीच्या पाण्यावर पट्टकादंब हंस बघत वाढलेल्या माझ्यासारखीला पाणथळ जागेसाठी एवढं देणं जड वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती. दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी विस्कॉन्सिनच्या सगळ्या 72 काउंट्यांत एकाच वेळी जनसुनावणी भरते. 1934 पासून चालत आलेली ही रीत आहे. शाळेच्या सभागृहात लोक येतात, निसर्गखात्याचे अधिकारी समोर बसतात, प्रश्नांची छापील यादी असते: अमुक काउंटीत हंगाम वाढवावा का, तमुक तळ्यावर माशांची मर्यादा बदलावी का. शिवाय कुणालाही स्वतःचा ठराव मांडता येतो. मग मतं पडतात, हल्ली ऑनलाइनही पडतात, आणि निकाल काउंटीवार प्रसिद्ध होतो. मत बंधनकारक नसतं, सल्ल्यापुरतं असतं. पण अधिकाऱ्याला त्याच्या विरुद्ध जायचं तर कारण सांगावं लागतं, कारण आकडा सगळ्यांसमोर आलेला असतो. मी तिथं गेले आहे. मागच्या बाकावर बसून एका दूध-उत्पादक शेतकऱ्याला हरणांनी मका किती खाल्ला ते सांगताना ऐकलं, आणि त्याच्यानंतर उठलेल्या बाईनं त्याच हरणांचं संख्यानियंत्रण नको असं तेवढ्याच कळकळीनं सांगितलं. दोघांचीही नोंद झाली.

याशिवाय प्रत्येक काउंटीत हरणांसाठी वेगळी सल्लागार समिती आहे. तिच्यात शिकारी असतात तसे शेती, वनीकरण, पर्यटन यांचे प्रतिनिधी असतात, आणि रस्ते-वाहतुकीचेही, कारण इथं गाडीवर हरीण आदळण्याचे अपघात दरवर्षी हजारोंनी होतात. माद्या किती माराव्यात याची शिफारस ही समिती करते. पिकाचं नुकसान झालं तर शेतकऱ्याला भरपाई मिळते, तिचा पैसा शिकारीच्या परवान्यांवरच्या अधिभारातून येतो, आणि भरपाई हवी असेल तर शेतकऱ्याला आपलं शेत शिकाऱ्यांना खुलं करावं लागतं. नुकसान सोसणारा, मारणारा आणि पैसा भरणारा असे तिघं एकाच व्यवहारात बांधलेले आहेत.

यवतमाळला माझा दादा तूर आणि हरभरा घेतो. त्याच्या वावरात रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुक्कर येतं. तो काय करतो? माळ्यावर जागल करतो, डबे वाजवतो, कर्ज काढून कुंपणाला झटका मशीन लावतो. सकाळी नुकसान दिसलं की अर्ज, मग पंचनामा, मग वाट बघणं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने पूर्ण बंद झाले. पण याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना लेखी परवानगीनं मारण्याची सोय आहे. म्हणजे 'भारतात अजिबात मारता येत नाही' हेही खरं नाही. फक्त ती परवानगी कुणाला मिळाली, कशाच्या आधारावर, मारणारा कोण होता, त्यानंतर त्या भागात डुकरं कमी झाली की वाढली, यातलं काहीही दादाच्या गावातल्या माणसाला समजेल अशा जागी लागत नाही. 2016 साली बिहारमध्ये मोकामाला शेकडो नीलगायी मारल्या गेल्या तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले. देशभर चर्चा झाली. मोकामाच्या शेतकऱ्याला त्या चर्चेत कुणी बोलावलं नाही.

आणि बंदी असली म्हणून मरण थांबत नाही. विदर्भात कुंपणाच्या तारेत थेट खांबावरची वीज सोडतात. तिच्यावर डुक्कर मरतं, चितळ मरतं, वाघ मरतो, आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा माणूसही मरतो. त्या तारेला हंगाम नाही, मर्यादा नाही, नर-मादी नाही, नोंद नाही. पापाची भाषा बोलणाऱ्या माझ्या पुण्या-मुंबईच्या भावंडांना मी हे कळवळून सांगते: तुमच्या दयेतून त्या शेतकऱ्याला काहीच मिळालं नाही, आणि त्या वाघालाही नाही.

दुसऱ्या तटालाही तेवढंच सांगायचं आहे. शिकार खुली केली की सगळं सुटेल असं मानू नका. इथं एवढी व्यवस्था असूनही 2021 च्या फेब्रुवारीत लांडग्यांचा हंगाम घाईनं काढला, परवानाधारकांसाठी 119 ची मर्यादा ठरली, आणि तीन दिवसांच्या आत 218 लांडगे मारले गेले. आदिवासी ओजिब्वे लोकांच्या वाट्याला 81 लांडगे होते, ते त्यांना मारायचेच नव्हते, कारण लांडगा त्यांच्या श्रद्धेत भाऊ आहे. पुढच्या वर्षी कोर्टाच्या आदेशानं लांडग्याला पुन्हा केंद्राचं संरक्षण मिळालं. जिथं मोजणी आहे तिथं हे घडलं. आपल्याकडे एका तालुक्यात रोही किती, डुकरं किती याचा भरवशाचा आकडा नाही. आणि रोही, डुक्कर, चितळ हे टिपेश्वर-ताडोबाच्या वाघाचं खाणं आहे. ते अंदाधुंद मारलं की वाघ गोठ्याकडे वळणार. म्हणून हौसेची शिकार आपल्याकडे नकोच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ओजिब्वेंचं नाव निघालं म्हणून पारध्यांची आठवण होते. 1837 आणि 1842 च्या करारांनी ओजिब्वेंनी जमीन दिली, पण तिथं शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क 1983 साली कोर्टानं मान्य केला, त्यानंतर उत्तरेतल्या तळ्यांवर गोऱ्या लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले. आज त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, स्वतःचे रक्षक आहेत. आपल्या फासेपारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो शिक्का कागदावरून गेला, पोलिसांच्या मनातून गेला नाही. तितराची वाट, सशाचं बीळ, डुकराची पायवाट त्यांच्याइतकी कुणाला कळते? वाशीम-अकोल्याकडे पारधी कुटुंबांनी तणमोर पक्ष्यासाठी माळरान राखायला हात लावला आहे. तालुक्यात प्राणी मोजायचे असतील तर पगार देऊन आधी त्यांना बोलवा.

मग दादानं काय मागावं? बंदूक नको. ग्रामसभेत वर्षातून एकदा वनखात्याचा अधिकारी बसावा, गावच्या शिवारातलं नुकसान, दिलेल्या परवानग्या, मारलेले प्राणी, अडकलेली भरपाई हे सगळे आकडे वाचून दाखवावेत आणि गावाचं मत लिहून घ्यावं. कलम 11 खाली मारायचंच ठरलं तर ते प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसांनी, ठरलेल्या संख्येत, ठरलेल्या महिन्यात. मांस विकायचं नाही हे तर राहिलंच पाहिजे. 2006 च्या वन हक्क कायद्यानं वन्यजीवांचं रक्षण करण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकलेलीच आहे, आणि गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी आपलं जंगल स्वतः सांभाळून दाखवलं आहे. यवतमाळच्या गावांना हे जमणार नाही असं मानायला मला एकही कारण दिसत नाही.

मी दादाला सुचवलं आहे की येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांड: गेल्या तीन वर्षांत आपल्या वनपरिक्षेत्रात नुकसानीचे किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तो म्हणाला, मांडतो.