‘बुरशीची पेंड दिली, वर म्हणाले उन्हात वाळवून घाला’ या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही आमच्या पशुखाद्याच्या दुकानाला एक स्टार देऊन जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. सप्टेंबरात तुम्ही आमच्याकडून शेंगदाणा पेंडीची दोन पोती नेली. एका पोत्याच्या तळाला हिरवट बुरशी आणि ढेपा निघाल्या. दुकानात फोन केलात तर ‘दोन दिवस उन्हात वाळवा आणि घाला, काही होत नाही’ असं उत्तर मिळालं. माल चांगला असल्याचा लॅबचा रिपोर्ट आम्ही दाखवला आणि खाद्यात मिसळायच्या पावडरचं एक पाकीटही विकलं. आठवड्याच्या आत संकलन केंद्रावर दूध पट्टीच्या तपासणीत नापास झालं आणि परत आलं. शेवटी तुम्ही म्हणता की आम्ही पोत्यांवर पाणी मारून वजन वाढवतो.

पाणी मारण्याची गोष्ट खरी नाही. माझ्या वडिलांनी हे दुकान सुरू केल्यापासून ते आजपर्यंत कधी झालेली नाही. बाकीचं सगळं खरं आहे.

सगळ्यात मोठी चूक बुरशीच्या पोत्यापेक्षा त्या उत्तराची आहे, म्हणून आधी त्याबद्दल. फोन दुकानातल्या मुलानं घेतला होता, पण त्याला बोल लावणार नाही. आम्ही सगळेच इतकी वर्षं गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, मीही सांगितलंय. ते चूक आहे. उन्हात ठेवल्यावर बुरशी मरते, कुबट वास जातो, पेंड हाताला कडक लागते आणि माणसाला वाटतं काम झालं. पण बुरशी वेगळी आणि तिनं मागे सोडलेलं विष वेगळं. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बुरशी मेली तरी ते पेंडीत राहतं. तुमच्या अभिप्रायाखाली एकांनी ‘पेंड उकळून घाला’ असं लिहिलंय, त्यांनाही हेच सांगायचंय. पाण्याच्या उकळीला त्याचं काही बिघडत नाही. दूध तापवून किंवा पाश्चराइज करूनही ते जात नाही. ज्यांना ज्यांना आम्ही आजवर हा सल्ला दिला त्या सगळ्यांनी कृपा करून तो विसरावा.

हे विष जगाला कळलं तेच मुळी शेंगदाणा पेंडीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्लं काही महिन्यांत मेली. रोग काय ते कुणाला कळेना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा आणि तिच्यात वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचा. अफ्लाटॉक्सिन हे नावसुद्धा तिच्याच नावातून आलंय. म्हणजे आम्ही जो माल विकतो त्याच मालाची ही गोष्ट आहे. आम्हाला ती पाठ असायला हवी होती.

तुमचा अभिप्राय वाचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही गोदाम उपसलं. उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली होती आणि तिकडची पोती फळ्यांवर न ठेवता थेट फरशीवर लावली होती. हा आमचा सरळसरळ निष्काळजीपणा. त्यातल्या तीन पोत्यांना तुमच्या पोत्यासारखीच बुरशी होती. पण मी त्याच गाडीतल्या मधल्या थप्पीचाही नमुना लॅबला पाठवला. ती पोती फळ्यांवर होती, खडखडीत कोरडी, डोळ्यांना स्वच्छ. त्यांचाही निकाल मर्यादेच्या बराच वर आला. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते यानं. भिंतीच्या ओलीनं भर घातली, पण विष गिरणीतूनच आलं होतं, आणि त्याच्याही आधी शेतातून.

कारण ही बुरशी मातीतच असते. शेंगा भरायच्या वेळी पावसानं ताण दिला, जमीन तापली, शेंगेला भेग पडली किंवा किडीनं भोक पाडलं की ती आत शिरते. काढणीनंतर शेंगा ओल्या राहिल्या की वाढते. मग चांगले दाणे निवडून खायला आणि निर्यातीला जातात, आणि काळपट, सुरकुतलेले, निवडून बाजूला काढलेले दाणे घाण्याला जातात. तेल काढल्यावर विषाचा मोठा वाटा पेंडीतच उरतो. म्हणजे माणसाच्या ताटातून वेगळं काढलेलं गाईच्या गव्हाणीत येतं, आणि तिथून दुधाच्या वाटेनं पुन्हा माणसाकडे.

ते दुधात किती येतं याचा हिशोब मी वहीवर मांडून पाहिला. समजा गाय दिवसाला ३ किलो पेंड खाते आणि पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम विष आहे. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग, डोळ्याला दिसणारही नाही. गाईच्या पोटात दिवसाला ३०० गेलं. त्यातलं साधारण २ टक्के दुधात उतरलं, म्हणजे ६. गाय १२ लिटर दूध देत असेल तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. आपल्याकडची दुधाची मर्यादा बरोबर तेवढीच आहे, ०.५. युरोपात ती याच्या दहावा हिस्सा आहे, ०.०५. जास्त दुधाच्या गाईत २ टक्क्यांपेक्षा बरंच जास्तही उतरतं. पशुखाद्याच्या भारतीय मानकात या विषाची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम का ठेवलीय ते हा हिशोब मांडल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं.

आमच्या रिपोर्टबद्दल. तो खोटा नव्हता, पण तुमच्या पोत्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. गिरणीवाल्यानं आधीच्या एका मालाचा एक नमुना तपासला होता, त्याची ती प्रत. हे विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत दोन-चार दाणे भयंकर विषारी असतात आणि बाकीचे स्वच्छ. वरच्या पोत्यातून मूठभर पेंड काढली आणि ती मूठ चांगली निघाली तर रिपोर्ट चांगला येतो. यापुढे आम्ही प्रत्येक गाडीच्या निम्म्याहून जास्त पोत्यांतून बंबी (नमुना काढायची पोकळ टोकदार सळई) मारून थोडं थोडं काढू, सगळं एकत्र दळू आणि त्यातून नमुना घेऊ. तपासणीचा खर्च आमचा. नापास गाडी परत जाईल, मग गिरणीवाला नाराज झाला तरी चालेल.

पावडरचं पाकीट म्हणजे बेंटोनाइटसारखी माती असते. ती गाईच्या पोटात विष धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते, दुधात कमी उतरतं. चांगल्या खाद्यात खबरदारी म्हणून तिचा उपयोग आहे. पण बुरशी दिसत असलेलं पोतं खपवायला ती विकणं चूक होतं. त्याचेही पैसे परत.

तुम्ही विचारलंय, घरातल्या पोरांनी तेच दूध प्यायलं, काही होईल का? मी डॉक्टर नाही, मनाला शंका असेल तर जरूर दाखवून घ्या. दुधातली मर्यादा धरली आहे ती वर्षानुवर्षं रोज पोटात जाण्याच्या हिशोबानं, कारण हे विष यकृतावर बसतं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. चार-सहा दिवसांचं दूध ही वेगळी गोष्ट आहे. पेंड बंद केल्यावर पाचव्या दिवशी तुमचं दूध पास झालं असं तुम्हीच लिहिलंय, ते बरोबर जुळतं. खराब खुराक थांबला की तीन-चार दिवसांत दूध साफ होत जातं. पण बुरशीचा मका किंवा शेंगदाणे माणसानं स्वतः खाणं हे फार धोक्याचं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी कित्येक आठवडे खाल्ला. दुसरं खायला नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्यांच्या घरातली कुत्रीही मेली. ‘जनावराला चालतं’ म्हणून आपण जे बाजूला काढतो ते पाहिलं की मला आता हेच आठवतं.

दुधाच्या भेसळीची आपल्याला केवढी भीती वाटते! २०१८ साली देशभर दुधाच्या ६,४३२ नमुन्यांची सरकारी तपासणी झाली, तिच्यात भेसळीचे नमुने १२ निघाले आणि या विषाची मर्यादा ओलांडलेले ३६८. ते येतं खाद्यातून आणि चाऱ्यातून. म्हणजे आमच्यासारख्यांच्या दुकानातून. दूधवाल्याकडे बोट दाखवण्याआधी पेंडवाल्याला विचारायला हवं, आणि तुम्ही ते विचारलंत.

तुमच्या दोन्ही पोत्यांचे पैसे आणि परत आलेल्या दुधाचे त्या दिवसांचे पैसे डेअरीच्या पावतीच्या दरानं आम्ही देणार आहोत. अभिप्राय काढून टाका असं म्हणणार नाही, तो राहू द्या.

१० ते २४ सप्टेंबर या दिवसांत आमच्याकडून ज्यांनी ज्यांनी शेंगदाणा पेंड नेली, त्यांनी ती दिसायला चांगली असली तरी घालू नये. अर्धं पोतं उरलं असलं तरी पूर्ण पोत्याचे पैसे मिळतील, बिल नसलं तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. सरकी पेंड आणि मका भरडा यांचेही नमुने पाठवलेत, निकाल येईपर्यंत त्यांची विक्री बंद ठेवलीय.

आणि ताई, उरलेली पेंड कोंबड्यांना घालते असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते आजच थांबवा. बदकं असतील तर त्यांच्या जवळपासही नेऊ नका, त्यांना हे विष फार लवकर बाधतं. पोत्याचं तोंड घट्ट बांधून ठेवा, हलवताना नाकाला फडकं बांधा, गव्हाण झाडून धुऊन घ्या. शनिवारी सकाळी आमचा टेंपो येईल. गोळा झालेली सगळी पेंड कुठल्याही जनावराच्या तोंडी लागणार नाही अशा खोल खड्ड्यात आम्ही पुरणार आहोत, आणि टेंपोबरोबर मी स्वतः येतोय.