गाईचा हिशेब आणि राहून गेलेले नऊशे तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्या एका गाईविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण डिचोलीहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : गाईचा खर्च भागून चार पैसे उरतात असे मी लिहिले, पण त्यात राबणाऱ्याची मजुरी शून्य धरली, दोन लिटर देणारी गावठी गाय ही पेन्शनवाल्याची हौस असून त्यापेक्षा संकरित गाय बरी, भाकड महिने आणि पाडे (नर वासरे) यांविषयी मी मौन पाळले, आणि धारोष्ण, म्हणजे काढल्याकाढल्या न उकळता प्यायच्या, दुधाची स्तुती करून लोकांना चुकीची वाट दाखवली. यांतील पहिला आणि शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मधल्या दोहोंबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

लेख लिहिताना जी वही समोर होती, तीच पुन्हा उघडून बसलो. गेल्या वेतात आमच्या गाईने वासराचा वाटा सोडून आठ महिन्यांत घराला सुमारे 480 लिटर दूध दिले. लिटरला साठ रुपये धरले तर 28,800 रुपये होतात. वर्षभराची खोबऱ्याची पेंड, भाताचा कोंडा, खनिज मिश्रण, विकतचा पेंढा आणि औषधपाणी मिळून 24,000 रुपये गेले. उरले 4,800, आणि मी तेवढ्यावर समाधानाने रेघ ओढली. गोठा झाडणे, चारा कापणे, पाणी दाखवणे आणि दोन वेळची धार यांना रोज अडीच तास लागतात, म्हणजे वर्षाला नऊशेहून अधिक तास. त्या 4,800 रुपयांना या तासांनी भागले तर तासाला जेमतेम पाच रुपये पडतात. आपण हे भागाकाराचे गणित न करताच बोट नेमके तिथे ठेवलेत.

मात्र त्याच वहीत शेणाचे पान नव्हते, ही चूक उलट बाजूची आहे. लहान चणीची गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते. वर्षाचे ते चार टनांच्या आसपास जाते आणि कुजून निम्म्याखाली उतरते. माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत घालावे असे धरले, तर एवढ्यात तीस-पस्तीस माडांची सोय होते. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काय किंवा फोंड्याच्या बाजूला काय, कुळागर (सुपारी-माडांची बाग) असलेल्या घराने गाय ठेवली ती मुख्यतः शेणासाठी. दूध हा वरचा लाभ. ज्याच्याकडे भाट (माडांची बाग) नाही, केवळ अंगण आहे, त्याला हा लाभ नाही, आणि तो फरक मी लेखात सांगायला हवा होता.

आता संकरित गाईबद्दल. दहा लिटरची गाय ठेवली की रोज साडेपाच किलोच्या घरात खुराक लागतो : अंगपोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. चार माणसांच्या घरात उरलेले आठ लिटर कुणाला तरी द्यावेच लागते, म्हणजे दोन्ही वेळा ठरलेल्या वेळेत दूधसंस्थेवर कॅन पोचवणे आले. तो व्यवसाय आहे. संस्था जवळ असेल आणि घरातले कुणी तेवढे बांधून घ्यायला तयार असेल, तर जर्सी संकरित गाय जरूर घ्यावी. पण जून ते सप्टेंबर या दमट दिवसांत गोचिडांमुळे होणारा ताप संकरित जनावराला जेवढा पाडतो, तेवढा गावठी गाईला पाडत नाही, हे मी शेजारच्या गोठ्यात पाहिले आहे. आमची गाय श्वेता कपिला आहे. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केसही पांढरे. गोव्याची ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे रीतसर नोंदलेली आहे. तिची मर्यादा दोन-तीन लिटरांची. कासेला वासरू लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही आणि धार काढणारा हात बदलला तर दूध चोरते. गेल्या आषाढात मी तापाने पडलो, तेव्हा मुलाने धार काढली. तांब्यात पाव लिटरही आले नाही. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मी खोलीतून काय सांगतो ते त्याला ऐकू येईना. शेवटी घोंगडी पांघरून मीच जाऊन बसलो.

भाकड महिन्यांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, आणि तिथे माझीच हलगर्जी झाली. गाय पुन्हा गाभण राहायला तिचा माज वेळेवर ओळखावा लागतो, आणि गावठी गाईचा माज मुका असतो. ती हंबरत नाही, फक्त चारा टाकते आणि कान टवकारून उभी राहते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, असा साधा नियम आहे. एकदा माजाच्या दिवशी आम्ही दोघे लग्नाला गेलो होतो, आणि एकवीस दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा मी नुसताच विसरलो. असे दोन माज हुकल्याने सहा आठवडे गेले, आणि घरात पिशवीचे दूध तेवढेच दिवस जास्त आले. पूर्वी दोन गाई ठेवून, किंवा शेजाऱ्याशी दुधाची देवघेव करून हा खड्डा भरत असत. एकाच गाईवर बारमाही दुधाची आशा ठेवणे चूक आहे, असे आता मी स्पष्ट लिहितो.

पाड्याचा प्रश्न याहून अवघड आहे. पॉवर टिलर आल्यापासून नांगराला बैल कुणालाच नको असतो, आणि रस्त्यावर बसलेल्या गुरांत पाडे का दिसतात त्याचे एक कारण हेच. आमच्याकडे तीन वेतांत दोन पाडे झाले. एक ओळखीच्या कुळागरवाल्याने शेणासाठी नेला. दुसरा अजून दावणीला आहे आणि खातो. त्याचा खर्च वरच्या 24,000 मध्ये नाही, हेही सांगून टाकतो. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावरून मालक शोधता येतो, म्हणून बिल्ला कापून गुरे सोडणारेही आहेत. पाडा पोसण्याची तयारी नसेल त्याने गाय आणू नये, असे माझे मत आहे. डोंगरात मोकळे चारणे हाही उपाय नव्हे : 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे (गोचिडीतून माणसाला होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडत आहेत, आणि गुरांना हा ताप आला नाही तरी रानातली गोचीड त्यांच्या अंगावरून दारात येते. म्हणून डिसेंबर ते मे या तापाच्या दिवसांत आम्ही गाय भाटातच बांधतो.

धारोष्ण दुधाचे वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे. लहानपणी आजी तांब्यातून देई, त्या आठवणीच्या भरात ते लिहिले गेले. गुरांच्या सांसर्गिक गर्भपाताचा (ब्रुसेलोसिसचा) आणि क्षयाचा जंतू कच्च्या दुधातून माणसाला लागतो. पाडीला (मादी वासराला) चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा सांसर्गिक गर्भपाताची लस टोचून घ्यावी, आणि ती टोचली तरीही दूध उकळूनच प्यावे. आमच्याही घरी ते उकळूनच पितात. मी लिहिले मात्र वेगळेच.

आपल्या परसात पाव एकर जागा असून आपण दोघेही नोकरीसाठी पणजीला जाता, असे आपण शेवटी लिहिले आहे. या परिस्थितीत सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या वेळी घरी कोण असेल, याचे उत्तर मिळेपर्यंत गाय घेऊ नये, असे मी सुचवीन.