नकार देता येतो का? भागीदारीविषयीच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्थानिक प्रशासन, खासगी उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीवर मी जे लिहिले, त्यावर आपण मनापासून आणि स्पष्ट शब्दांत आक्षेप घेतलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : या व्यवस्थेत प्रशासन जबाबदारी झटकते, उद्योगाला प्रसिद्धी मिळते, स्वयंसेवी संस्थेला स्वस्तात राबवून घेतले जाते, आणि मी मात्र तिघांना ‘समान भागीदार’ म्हणून मोकळा झालो. यातील शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि ‘समान’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र अशी भागीदारी मुळातच फसवी असते, हा आपला निष्कर्ष मला पटत नाही.

तिघे समान नसतात, कारण त्यांची बलस्थाने वेगळी असतात आणि त्यांना वाटणारी भीतीही वेगळी असते. प्रशासनाकडे कर गोळा करण्याचा अधिकार, कायद्याचे बळ आणि निवडणुकीतून आलेला कौल असतो; ते अंग काढून घेऊ शकत नाही, कारण तो परिसर हीच त्याची जबाबदारी असते. उद्योग मात्र हिशेब जुळला नाही तर दुसरीकडे जाऊ शकतो. स्वयंसेवी संस्थेपाशी लोकांचा विश्वास आणि प्रत्यक्ष कामाची माहिती असते, पण तिच्या कार्यकर्त्यांचे मानधन बहुतेकदा त्याच प्रशासनाच्या अनुदानातून येते. म्हणून समानतेपेक्षा वेगळी कसोटी लावली पाहिजे, असे मला आता वाटते : बैठकीतील सर्वांत दुबळ्या सदस्याला एखाद्या प्रस्तावाला ठामपणे नकार देता येतो का, आणि तसा नकार दिल्यानंतरही त्याचे काम पुढच्या वर्षी चालू राहते का?

या कसोटीवर इंग्लंडमधला अनुभव तपासण्यासारखा आहे. तेथे 2001 पासून सर्वाधिक वंचित अशा 88 स्थानिक प्रशासन क्षेत्रांना विशेष निधी देताना एक अट घालण्यात आली : प्रशासन, पोलीस, आरोग्यसेवा, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांचे संयुक्त भागीदारी मंडळ त्या ठिकाणी असले पाहिजे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी तरतूद. या मंडळांमध्ये स्थानिक गटांना आणि स्वयंसेवी संस्थांना सहभागी होता यावे, एवढ्यासाठीच वेगळा निधी देण्यात आला होता. सहभागाला पैसे लागतात, ही गोष्ट फार थोडे लोक उघडपणे मान्य करतात. अधिकारी दिवसा बैठकीला बसतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. छोट्या संस्थेची कार्यकर्ती त्याच बैठकीला येते तेव्हा तिचे त्या दिवसाचे काम बंद पडते. शिवाय शंभर पानांची टिपणे वाचून, आपल्या वस्तीतील लोकांशी बोलून, त्यांचे मत घेऊन यायचे तर त्याला आणखी वेळ लागतो. हा खर्च कोणी उचलला नाही, तर तिची खुर्ची भरलेली दिसते, पण तिच्या तोंडून वस्तीचे मत येत नाही. आपण ज्याला राबवून घेणे म्हणता, त्याची सुरुवात माझ्या मते येथे होते.

नकाराच्या अधिकाराबाबतही तेथे एक पाऊल उचलले गेले होते. 1998 मध्ये सरकार आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यात झालेल्या समझोत्याने असे मान्य केले की, संस्थेला सरकारी पैसा मिळत असला तरी सरकारी धोरणावर टीका करण्याचा आणि त्याविरुद्ध मोहीम चालवण्याचा तिचा हक्क अबाधित राहील. तो समझोता कायद्याने बंधनकारक नव्हता, ही त्याची मोठी उणीव होती. दरवर्षी नव्याने मंजूर होणाऱ्या अनुदानावर जगणारी संस्था कागदावरचा हक्क वापरताना दहा वेळा विचार करते, आणि त्यासाठी तिला भित्री ठरवणे अन्यायाचे आहे.

जबाबदारी झटकण्याविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ही मंडळे बहुतेक ठिकाणी स्वतंत्र कायदेशीर संस्था नव्हती. सार्वजनिक पैशाचा हिशेब सामान्यतः स्थानिक प्रशासनच देत असे. 2007 च्या कायद्याने स्थानिक उद्दिष्टे ठरवताना सहकार्य करण्याचे बंधन घातले, तेही ठरावीक सार्वजनिक संस्थांवर. उद्योगांवर किंवा स्वयंसेवी संस्थांवर नाही. ही मांडणी मला योग्य वाटते. खरी अडचण वेगळीच होती. ती उद्दिष्टे, जास्तीत जास्त 35, केंद्र सरकारशी करार करून ठरत, त्यामुळे स्थानिक मंडळाचे लक्ष आपल्या रहिवाशांपेक्षा वरच्या कार्यालयाकडे लागे. 2010 मध्ये ती करारपद्धतीच बंद झाली.

उद्योगांविषयी थोडक्यातच लिहितो. त्यांचा सहभाग देणगी आणि फलक यांपुरता असेल, तर आपली टीका रास्त आहे. पण टोरोंटोमधील एका बाजारपेठेत 1970 मध्ये सुरू झालेली व्यापारी सुधारणा क्षेत्राची पद्धत वेगळी आहे : तेथे व्यावसायिक स्वतःवर जादा आकारणी लावून घेतात आणि त्या पैशातून परिसराची देखभाल करतात. इंग्लंडमध्ये यासाठी मतदान होते. मतांच्या संख्येने आणि मत देणाऱ्यांच्या मालमत्तेच्या करमूल्यानेही (कर आकारण्यासाठी ठरवलेल्या मूल्यानेही) बहुमत लागते, आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. म्हणजे येथे नकाराची वेळ ठरलेली आहे. दोष असा की तेथे राहणाऱ्यांना या मतदानात स्थान नाही.

सहभाग हा देखावा असतो, असे आपण लिहिले आहे. नागरी सहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यांत भागीदारी सहावी आहे. तिच्या लगेच खालची पायरी समजूत काढण्याची : तेथे सल्ला ऐकला जातो, पण निर्णय दुसरेच घेतात. सहाव्या पायरीवर नागरिक सत्ताधाऱ्यांशी घासाघीस करू शकतात. त्यासाठी गटाला स्वतःचे संघटित बळ, आपल्या प्रतिनिधींना मानधन देण्याइतका पैसा आणि स्वतःचे तज्ज्ञ नेमण्याची वा काढून टाकण्याची मुभा असावी, असे त्यांनी म्हटले आहे. आपण पाहिलेली उदाहरणे बहुधा पाचव्या पायरीवरची असावीत; त्यांना भागीदारी हे नाव देणे चूक आहे, आणि ती चूक माझ्याही लेखनात झाली.

शेवटी आपण विचारले आहे की आपल्या संस्थेने अशा मंडळात जावे की नाही. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे मी सुचवेन : बैठकांसाठी लागणाऱ्या वेळेचा मोबदला, अनुदान थांबवायचे झाल्यास किती महिने आधी कळवले जाईल त्याची मुदत, आणि आपला विरोध इतिवृत्तात कारणांसह नोंदवला जाण्याची हमी. पहिल्या दोन मागण्यांवर तडजोड करावी लागली तरी काम सुरू करता येईल. तिसरी नाकारली गेली, तर जाऊ नये.