किल्लारीबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल दर 30 सप्टेंबरला हा मेसेज हमखास येतो: 'किल्लारीत दगडमातीच्या घरांनी माणसं मारली. सरकारने वर्षभरात 52 गावं नवी बांधून दिली. लोक सुखात राहू लागले. लोकांनी फक्त मदत घेतली.'

आधी दगडमातीचं बघू. 1993 मध्ये विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. सुमारे आठ हजार माणसं गेली. घरं माळवदाची, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेली. जाडजूड भिंतीत आत-बाहेर दगडाचे दोन थर, मधे चुरा आणि माती. दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचितच. माळवद गळू नये म्हणून वर मातीवर माती चढत गेलेली. थर फुटले, भिंती ढासळल्या. पण कित्येक घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, तसेच उभे होते! दगडाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, बांधणी कच्ची होती.

'वर्षभरात' ही तर थाप आहे. जागतिक बँकेच्या कर्जावरचा पुनर्वसन कार्यक्रम 1994 ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. तोवर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये मराठवाड्यातले उन्हाळे काढले.

सुखाचं म्हणाल तर पक्की घरं नि रुंद रस्ते मिळाले, ते कुणी नाकारत नाही. पण घर किती मोठं, हे कुणाकडे किती जमीन आहे त्यावरून ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. त्यापायी अनेक गावांत भावकी पांगली. शेत लांब पडलं. 250 फुटांत माणसं मावतील हो, कडबा आणि बैल कुठे ठेवायचे? मग घरापुढे पत्रे उभे राहिले.

'लोकांनी फक्त मदत घेतली' हे शेवटचं वाक्य मात्र डोक्यात जातं. 52 गावांत मिळून तीसेक हजार घरं बांधली गेली. लातूर-उस्मानाबादच्या बाकी गावांत तडे गेलेली जवळपास दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त झाली, आणि ती घरमालकांनी केली. सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे आणि इंजिनिअर दिला. गवंडी गाठणं, सामान आणणं, माळवदावरची माती उतरवणं, भिंतीला आरपार दगड बसलाय का ते बघणं, हे घरच्यांचं काम. त्यासाठी गावोगावी संवाद सहायक म्हणून बायका नेमल्या; स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केलं. दुरुस्ती कशी करायची हे त्या घरोघर समजावत आणि अडलेल्या हप्त्यासाठी अधिकाऱ्यांच्या मागे लागत. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना हे सारं सांगायला गेल्या.

मेसेज पाठवायचाच असेल, तर निदान ते शेवटचं वाक्य खोडून पाठवा.