शांतता समितीत कसं बसावं

गणपती तोंडावर आले की पोलीस ठाण्यातून फोन येतो आणि आपण शांतता समितीत आहोत हे तुम्हालाच नव्यानं कळतं. घाबरू नका. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घाला आणि अर्धा तास आधी जा. साहेब उशिराच येतील, पण साहेबांशेजारची खुर्ची लवकर भरते.

भाषणाची तयारी नको. ‘ही शाहूंची नगरी’ एवढं म्हटलं की कोल्हापुरात टाळ्या पडतात. त्यापुढं मात्र जाऊ नका. महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं इथपर्यंत ठीक. १९१८ साली काही जातींच्या मागची, गुन्हेगार समजून रोज घेतली जाणारी हजेरी बंद केली म्हणालात, तर कुणीतरी विचारेल की मग चोरी झाल्यावर पहिली जीप पारध्यांच्या पालावरच का जाते? कशाला उगीच चहा गार करायचा?

शेजारच्या मुस्लिम सदस्याला ‘बांधव’ म्हणा. नाव माहीत नसलं तरी भागतं. रात्री गल्लीतली पोरं उचलून नेतात, असं काही तो बोलू लागला की लगेच डॉल्बीचा विषय काढा. तो तासभर पुरतो. ७ जून २०२३ ला स्टेटसवरून शहर पेटलं तेव्हा समिती कुठं होती, असं कुणी विचारलंच तर सांगा, नेट बंद होतं, निरोप आला नाही.

एखादा अभ्यासू भिवंडी काढतोच. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं तिथं मोहल्ला समित्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं आणि हवालदार एकत्र बसू लागले. १९८४ च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी, १९९२-९३ ला शेजारी मुंबई जळत असताना शांत राहिली. यावर ‘आपल्याकडं मनुष्यबळ कमी’ हे उत्तर पाठ असू द्या. आणि खरं सांगायचं तर, गल्लीतल्या कट्ट्यावर बसलेल्यांचा फोटो पेपरात कोण छापणार?

शेवटी रजिस्टर फिरेल. बांधवाच्या हातात दोन कागद दिसतील, एक बैठकीचं निमंत्रण आणि दुसरी सणाच्या तोंडावरची कलम १६८ ची नोटीस, म्हणजे गुन्हा करू नका अशी पोलिसांची आगाऊ ताकीद. सही कुठं करू, असं त्यानं विचारलं तर पेन पुढं करा आणि म्हणा, दोन्हीकडं.