सांता येतोय, दार लोटून ठेवा

नाताळ जवळ आला की बेळगावातलं मराठी पोर कॉन्व्हेंटमधून येऊन विचारतं, "पप्पा, सांता खरंच येतोय काय?" अशा वेळी खरं बोलायचा मोह आवरा. खरं कळायला त्याला पुढं जन्म पडलाय.

पहिली अडचण धुराड्याची. शहापूर-वडगावच्या कौलारू घरात धुराडं असलंच तर न्हाणीतल्या बंबाचं. त्यातनं कुणी ढेरपोट्या उतरला तर भाजूनच निघायचा. तेव्हा सांगा, आपल्याकडं तो मागच्या दारानं येतो. गौरीची पावलं तुम्हीच रांगोळीनं काढता आणि पोरं ती गौरीचीच मानतात. म्हणजे हाताला सवय आहेच. दूध-बिस्किटांऐवजी कुंदा ठेवा, कारण मध्यरात्री उठून तो तुम्हालाच संपवायचा आहे.

खरी कसोटी चिठ्ठीची. मराठीत लिहिली तर पोर अक्षर ओळखणार. कन्नडमध्ये लिहिली तर आजोबा जेवण सोडणार. फलकावर ६० टक्के कन्नड हवं, हा २०२४ चा नियम दुकानांपुरता आहे म्हणतात, खरं सांताची पाटी कुणी तपासायला आलं तर? इंग्रजीत लिहा. साहेबाच्या भाषेवर इथं दोन्ही बाजूंचा आक्षेप नसतो.

एखादं आगाऊ पोर मोबाईल बघून सांगेल, की मूळ पुरुष संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, त्यांचा सण ६ डिसेंबरला. त्याला गणिताचे मार्क विचारा. विषय संपतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारू नका. सीमाभागात राहायचं तर विश्वास ठेवायची सवय लहानपणीच लागलेली बरी. २०१२ साली हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभी राहिली. तेव्हापासून बहुतेक हिवाळ्यात बंगळूरहून गाड्यांचा ताफा येतो, विकासाच्या पिशव्या दाखवतो, थोडे दिवस राहून परत जातो. तिकडं आजोबांनी १९५६ साली टांगलेला मोजा अजून खुंटीवरच आहे. मुंबईहून अधूनमधून कुणीतरी येऊन तो चाचपतं, "येणार, येणार" म्हणतं. २००४ पासून तर मोज्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. आजोबांना कधी कुणी सांगितलं काय, की असं कुणी नसतंय म्हणून? मग नातवाच्याच मागं का लागायचं?

एक धोका तेवढा सांभाळा. ३१ डिसेंबरला गल्लीतली मोठी पोरं जुन्या कपड्यांत गवत कोंबून 'ओल्ड मॅन' करतात आणि रात्री बाराला पेटवतात. त्याला कापसाची दाढी लावली असेल तर धाकटं हंबरडा फोडणार, "सांताला जाळूलालेत!" त्याला सांगा, हा तो नव्हे, हा सरत्या वर्षाचा म्हातारा. नाहीच पटलं तर वर्गणीचा डबा त्याच्या हातात द्या. डोळे पुसून तो पहिल्यांदा तुमच्याकडंच येईल, आणि दहाच्या नोटेवर काही हलायचा नाही.